पाठमोरं गिऱ्हाईक

११ नोव्हेंबर
पोचले एकदाची बँकॉकला! सकाळी खाओ सानच्या रस्त्यावर कुत्री आणि झाडूवाल्या सोडल्या तर चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, फसवलं आपल्याला. पण संध्याकाळ झाली आणि रस्त्याच्या अंगातच आलं. प्रत्येक दारूवाल्याचं गाणं वेगळं, आणि सगळी एकदम चालू. पाठीवर बोचकी घेतलेले गोरे नुसते वाहत होते.

लमदुआन मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या गावची. नात्याची नाही, पण सगळे मावशीच म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी तिचं वेण्या घालायचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन बुटकी स्टुलं, रंगीत दोऱ्यांच्या गुंड्या आणि मण्यांचा डबा. आमच्या जिल्ह्याच्या गावी, रोई एतला, मी तमाशगिरांच्या फडात नाचणाऱ्या पोरींचे केस करायचे. मालकानं नको तिथं हात लावला, तेव्हा केसांचा तापलेला चिमटा त्याच्या मांडीवर ठेवून मी निघून आले. मावशीला ते ऐकून फार हसू आलं. म्हणाली, अशीच पोरगी हवी होती.

पहिलंच गिऱ्हाईक लाल दाढीचा आडदांड गोरा. दाढीला वेण्या हव्या होत्या त्याला! शेजारच्या गाडीवर प्रयूनदादा तळलेले विंचू विकतो. तो ओरडला, "अगं सायफिन, हळू ओढ! दाढी हातात आली तर गोरा माझ्या नावानं बोंबलेल." मी म्हटलं, "तू तुझे विंचू सांभाळ दादा. तुझे मेलेत, माझी जीभ जिवंत आहे." सगळी गल्ली हसली. मला इथं करमणार.

१४ नोव्हेंबर
हात बसला. गोऱ्यांचे केस रेशमासारखे निसटतात, म्हणून आधी बोटांना मेण लावायचं. दुपारी चिकट भात आणि पपईची कोशिंबीर खायची, मग धोब्याच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत डुलकी. खिडकीतून सगळी गल्ली दिसते.

काल दिवेलागणीला मावशीनं समोरचा आरसा काढून घेतला. म्हणाली, आता माझं एक जुनं गिऱ्हाईक येईल. तिच्याकडून काही घ्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, आणि पुढं जाऊन तोंड बघायचं नाही. एवढं सांगून ती चक्क निघून गेली.

गिऱ्हाईक आलं. गर्दी तिच्याकडे न बघताच बाजूला होत होती. ती माझ्याकडे पाठ करून बसली. केस जमिनीला टेकलेले, दाट, आणि विहिरीतून काढल्यासारखे गार. वासही साचलेल्या पाण्याचा. पण केस सुंदर, खोटं कशाला बोलू. वेण्या झाल्या तशी ती उठून गेली.

१६ नोव्हेंबर
रोज येते. रोज केस मोकळे, जणू काल मी काही केलंच नव्हतं. सकाळी उठले तर करंगळीला एक लांब काळा केस गुंडाळलेला होता, चांगला घट्ट. सोडवला तर खाली वळ होता.

मावशीला विचारलं. म्हणाली, ती आली की रस्त्याची भरभराट होते, तू हात चालव. प्रयूनदादाला विचारलं तर तो कढईत बघत राहिला. एरवी या माणसाची टकळी थांबत नाही.

१९ नोव्हेंबर
माझं काम चालू असताना आज एका गोऱ्या मुलीनं समोरून फोटो काढला. नंतर दाखवायला आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. फोटोत मी उभी आहे. माझ्यापुढं स्टूल. स्टुलावर नुसते केस, वरपासून खालपर्यंत. समोरून काढलेला फोटो, तरी पाठच.

त्या मुलीनं फोटो पुसून टाकला आणि गर्दीत पळाली. मी मात्र वेण्या पुऱ्या केल्या. अर्धं काम मी कधी सोडलेलं नाही.

२१ नोव्हेंबर
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालंय. सुई टोचून बघितली. काही नाही.

दादाला गाडीमागं गाठलं आणि सरळ विचारलं, माझ्या आधी इथं कोण बसायचं? तो रडायलाच लागला. त्यानं सांगितलं ते असं. कुणी ना कुणी तिच्या वेण्या घालायच्याच. नाही घातल्या तर ती गल्लीतून फिरते, आणि मग माणसांच्या घशात केस सापडतात. म्हणून मावशी गावाकडून पोरी आणते. पोरींची बोटं जातात, एकेक करून. शेवटी एका संध्याकाळी पोरगी उठते आणि तिच्यामागून चालू लागते. मालिशवाल्या बायांना माहीत आहे, दारूवाल्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

तुलाही माहीत होतं, मी म्हटलं.

तशीच मावशीकडे गेले.
"मलाच का आणलंस?"
"नवरा नाही, पोर नाही. कोण विचारायला येणार होतं तुझं?"
"मी विचारतेय ना! मी!"
"मग जा पळून. कोण अडवतंय? दुसरी येईल." तिनं मण्यांचा डबा बंद केला. "माझी स्वतःची पोरगी बसवू का तिथं? बोल की."
मी डब्याला लाथ मारली.

२२ नोव्हेंबर
पळायचं ठरवलं. का नाही? मी काय या गल्लीचं देणं लागते? बोचकं बांधून बसस्थानकावर गेले.

तिथं मावशीच्या नावाची पाटी धरून आमच्या गल्लीतल्या दारूवाल्याचा माणूस उभा होता. सुरिनच्या बसमधून एक पोरगी उतरली. कनोक तिचं नाव. नवी चप्पल, हातात आईनं दिलेला भाताचा डबा. मी तिला दंडाला धरून परतीच्या बसमध्ये कोंबली. भांडभांड भांडली ती. म्हणाली, "तुझी जागा जाईल म्हणून जळतेस होय गं सटवे?" मी म्हटलं, हो, जळते, बस गुपचूप. दारूवाल्याचा माणूस आडवा आला, त्याच्या पायावर बोचकं आदळलं. गाडी हलेपर्यंत दारातून हलले नाही.

माझी गाडीही लागली होती. तिच्याकडे बघत बसले. उद्या आणखी एक कनोक उतरेल. तिला कोण कोंबणार बसमध्ये?

परत आले. मला भीती वाटते. वाटू दे.

२३ नोव्हेंबर
आज वेण्या घातल्या नाहीत. ती बसली. मी तिच्या मागं हाताची घडी घालून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, दुकान बंद आहे, ऊठ.

एकेक गाणं बंद पडलं. संध्याकाळची पहिल्यांदाच या रस्त्याची शांतता ऐकली. मालिशवाल्या बाया हात जोडायला लागल्या, घाल गं बाई, घाल. दारूवाला शिव्या देत होता. गोरे हसत होते, त्यांना वाटलं खेळ चाललाय.

कात्री घेतली. मानेपाशी धरून कापले, कचाकच. कापताना हाताला कळत होतं, केस ओढ घेतायत. सगळे गटारात लोटले.

ती उठली. गल्लीत शिरली. एरवी पोरगी तिच्यामागून जाते, आज ती लोकांच्या मागून गेली.

२४ नोव्हेंबर
मावशी खोकतेय. दुपारी तिच्या खोलीत गेले. दार तिच्या लेकीनं उघडलं, पांढरीफटक. मावशीच्या तोंडातून केसाचं काळं टोक बाहेर आलं होतं. धड असलेल्या बोटांनी धरलं आणि ओढलं. ओढतच राहिले. संपेना. शिव्या देत ओढला, तिच्या सात पिढ्या काढल्या. निघाला शेवटी. मावशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

म्हणाली, पोरी, उद्यापासून घाल वेण्या, नाहीतर माझी लेक—

मी नाही म्हटलं. वेण्या नाही. पण तुझ्या लेकीला काही होऊ देणार नाही.

कसं, ते मला ठाऊक नाही.

२५ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितेय. उजवा गेला. अक्षर मुंगीसारखं येतंय.

दादा आला होता. चल म्हणाला, माझ्या गावी, दोघं जाऊ. चांगला आहे. भित्रा आहे. त्याला सांगितलं, माझ्या खिडकीखाली उभा रहा. बाकीच्यांनाही बोलाव. सगळ्यांना. आज ती माझ्याकडेच येईल.

मी तिला निरोप दिलाय. तिचे केस लोटले त्या गटाराच्या तोंडाशी ओरडून. लोकांना त्रास देऊ नको, मी वर आहे.

२५, दिवेलागण
जिना ओला झालाय. इथून दिसतंय.

आली. दारात बसलीय. पाठमोरी. केस पुन्हा तेवढेच.

खाली सगळे जमलेत. दादा, मालिशवाल्या, दारूवाला. मावशीसुद्धा, लेकीच्या खांद्यावर हात टाकून. वर बघतायत. कुणी हाक मारत नाही.

ही वाट बघतेय. नाही घालणार. कितीही बस.

पुढं जाते.

गेले. केसच आहेत इकडूनही. बाजूला करते— गार— अजून— हाताभोवती गुंडाळतायत. गुंडाळा. सोडणार नाही मी—

चेहरा. पोरीचा. माझ्याएवढी असेल. ओठ फुटलेले. रडून रडून वाळलेल्या माणसासारखी.

हात पुढं केलेत तिनं.

बोटं नाहीत. एकही नाही.

म्हणजे तूसुद्धा— त्याच स्टुलामागं— विचारलं. तिनं मान डोलावली.

आणि कुणी तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

केस दंडापर्यंत आलेत. लवकर लिहायला हवं. नाव विचारलं तिचं. ओठ हलतायत, आवाज नाही. कुणी विचारलंच नसणार. मी म्हटलं, घाबरू नको, मीही घाबरलेय. खिडकी उघडते. सगळे खाली उभे आहेत, एकूणएक. त्यांना ऐकू दे. मोठ्यानं सांग. नाव सांग, गाव सांग, कुणी आणलं ते—

उघडली खिडकी. घसा साफ करतेय ती. सांग गं. सांग, मी तुझ्याबरोबर ओरडते—