न मारलेली हाक

तीर्थरूप आईस,
लांबूनच पाया पडतो.

मी बरा आहे. खोलीत ऊब असते, जेवण वेळेवर होतं. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का?

इथल्या प्रयोगशाळेत आम्ही पुरुषाचं बीज उंदराच्या अंड्यात सोडून बघतो. बीज आत गेलं की अंड्याला जणू हाक मारतं. मग रंग घातलेलं अंडं पुन्हा पुन्हा उजळतं, जागं होतं. त्याशिवाय गर्भ धरत नाही.

मागच्या आठवड्यात मी माझंच बीज तपासलं. वीस अंड्यांत सोडलं आणि भिंगाला डोळा लावून बसलो. एकही उजळलं नाही. शेजारी ठेवलेली अंडी दुसऱ्याच्या बीजाने लगेच जागी झाली. माझं आत जाऊन मुक्यासारखं पडून राहतं.

सहा वर्षं तू तुझ्या सुनेला काढे पाजलेस, चारचौघांत नको नको ते बोललीस. मूल का होत नाही हे बघायला डॉक्टरांनी तिचं दोनदा पोट उघडलं. मी अवाक्षर काढलं नाही. दोष माझ्यात होता.

पत्र तुला तीच वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. फोनवर तिला सांगायचा धीर होत नाही, म्हणून असं लिहितोय.

वाचता वाचता ती थांबली, तर पुढचं विचारू नकोस. आज तू उठून तिला पाणी दे.

तुझा धाकटा