राजाला पूर्वज कमी पडतो

तीर्थरूप हुन्वाल्डमामांच्या पायांशी मठातला भाचा कुथविन डोकं टेकतो. थंडीत गुडघा काय म्हणतो? एडगिथमामींचा खोकला थांबला का? यंदा मधाची दारू पुरेल ना? (मठात नुसती पाणचट बिअर.) माझं म्हणाल तर मान अजून जागेवर आहे, आणि ती कशी राहिली हेच सांगायला लिहितोय. पत्र वाचून दाखवणाऱ्या पाद्रीबुवांना नमस्कार. ऐकायला शेजाऱ्यांना बोलावू नका.

आपले राजे बेओर्नगार यांच्या वडिलांनी हे राज्य तलवारीने घेतलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे (तुमच्या गाई त्याच गडबडीत गेल्या). आता सरदार कुजबुजतात, याचा आजा कोण? म्हणून राजांनी मला बोलावलं. "कुथविन, जुन्या धर्मातल्या वोडनदेवापासून माझ्यापर्यंत वंशावळ लिही. मेजवानीत गायली जाईल. सरदारांना पटली तर मठाला नदीकाठचं कुरण. नाही पटली तर..." आणि त्यांनी माझ्या मानेकडे बघितलं.

वोडनपर्यंत पोचलो तर बिशपसाहेब भडकले. "ख्रिस्ती राजाचा आजा सैतान? वोडन माणूस होता असं लिही, आणि त्याला नोहाला नेऊन जोड!" पण नोहाच्या तिन्ही मुलांचे वंश बायबलात आधीच वाटून टाकलेले. मग मी प्रलयातल्या त्याच्या तारवातच चौथा मुलगा जन्माला घातला (एवढ्या जनावरांच्या कलकलाटात एका बाळाचं रडणं कुणाच्या लक्षात राहणार?). नोहापासून आदमपर्यंत मग सरळ रस्ता. मामा, गंमत बघा. इतर राजे जमिनी जिंकतात. आमचा राजा सरलेला काळ जिंकत होता, आणि काळ मुकाट्याने शरण येत होता!

ऐन मेजवानीत हार्प जुळवता जुळवता दरबारचा गवई लिओफगार अडून बसला. "अरे ए बुवा, हेरेमंड आणि हिल्डविग यांच्यामध्ये आणखी एक 'ह'चा वीर दे! त्याशिवाय ओळ लंगडते, आणि लंगडी ओळ मी गात नसतो." राजे समोर येऊन बसलेले. घाबरल्यावर माझ्या डोक्यात एकच नाव आलं. तुमचं.

काय गायला तो, मामा! तुम्ही दलदलीत एकट्याने शत्रू अडवलात (गवयाने जागेवर रचलं), आणि स्वतःच्या ढालीवर देह ठेवलात. सगळ्यांत कुजकं बोलणारा म्हातारा सरदार उठून उभा राहिला आणि रडत म्हणाला, "हुन्वाल्ड! माझ्या आज्याच्या तोंडून ऐकलंय हे नाव!" तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच आठवत होतं. सगळ्यांनी दारूची शिंगं उंचावली. नाव मीच घुसवलेलं, तरी माझ्या अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले. पोरबाळ नाही, माझ्यामागे माझं नाव कोण घेणार, असं तुम्ही नेहमी म्हणता ना? आता राजे घेतील, आणि त्यांच्यानंतरचे राजेही. मला अजून हे खरं वाटत नाही.

मामींना नमस्कार.

आपला,
राजांच्या पूर्वजाचा भाचा

ता. क. — या वीराची समाधी कुठे, असं राजांनी विचारलं आणि माझ्या तोंडून आपल्या गावाचं नाव निघून गेलं. बर्फ वितळला की ते लवाजम्यासह येताहेत. गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगावर ताबडतोब माती टाका, वर हिरवळ लावा.

आणखी ता. क. — खरी विनंती ही. त्या ढिगापुढे गुडघे टेकून उठल्यावर राजांनी तुम्हाला नाव विचारलं, तर मनाला येईल ते सांगा, पण हुन्वाल्ड सांगू नका. राजे परत गेल्यावरही नाही. ते नाव आता त्यांचं झालं, मामा. मामींना त्याच नावाने हाक मारायची असेल तर दार लावून, हळू आवाजात मारू द्या.