बुडणाऱ्या माशा

औरंगपुरा, औरंगाबाद
२४ एप्रिल १९९४

चि. मुकुंदास अण्णांचा आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. इथं ऊन मी म्हणतंय आणि डोकं ठिकाणावर नाही. माझी तब्येत बरी. आई पैठणला द्वारकामावशीकडे गेली आहे, हवापालटाला. एप्रिलात पैठणला हवापालटाला कोण जातं, असं तू विचारशील. विचारू नकोस.

आता तुझ्या तक्रारीबद्दल. 'अण्णा, यंदाच्या तुमच्या माशा पाण्यावर पडतात, दोन हात वाहतात आणि बुडतात. पाहुणे हसतात.' हे वाक्य इतक्यांदा वाचलं की चालीवर पाठ झालं. अरे, गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, ती खऱ्या किड्यासारखी पाण्यावर तरंगली तरच ट्राउट वर येतो, हे मी तुझ्या जन्माआधी काश्मीरात शिकलो. हिशेबनिसाची नोकरी, जन्मात मासा तोंडाला लावला नाही, पण लिद्दर नदीच्या काठावर साहेबलोक माझ्या माशांसाठी खोळंबून राहायचे. आणि आता तुझ्या बियास नदीकाठच्या लॉजवरचे पाहुणे हसतात!

तू लिहितोस, पिसं सोडा, मी पाठवलेला फोम वापरा. फोम पाहिला. स्लिपरचा तळ कापून पाठवलास की काय असं वाटलं. तरंगतो, कबूल. पण लाकडाचा ओंडकाही तरंगतो. माशी पाण्यावर अशी टेकली पाहिजे की पाण्याला कळू नये. नायलॉनचा धागा बुडतो. स्वेटरच्या लोकरीनं अंग भरून पाहिलं, ती पाणी पिऊन फुगते. तुझ्या पुडीतलं ते पॉलीचं, म्हणजे प्लास्टिकचं सूत मात्र पाण्याहून हलकं आहे, त्याचे पंख बरे होतात. पण त्याला चमक अशी की ट्राउटला वाटेल लग्नाची वरात आली. हरणाचा केस आतून पोकळ, त्याच्यासारखं दुसरं नाही, तर तो कायद्यानं बंद.

राहिली कोंबड्याच्या मानेची पिसं. माशी उभी राहते ती त्यांच्या ताठपणावर. पडेगावच्या करीमला तू ओळखतोस, कोंबड्यांचा व्यापार करतो तो. त्याच्याकडे आता सगळा पांढरा ब्रॉयलर. परवा एक मान हातात देऊन म्हणाला, "श्रीनिवासभाई, ये मुर्गा नहीं, कापूस है कापूस. इससे मक्खी मत बनाओ, गादी भरो." गावठी कोंबडा शोधून देतो म्हणाला आहे.

हे सगळं खरं आहे. पण तुझ्या माशा या कशानंच बुडाल्या नाहीत.

तुझं पत्र आलं तेव्हा करीम बसलेला होता. मी ते मोठ्यानं वाचलं आणि बोलत सुटलो. बियासच्या पाण्याला नावं ठेवली, तुझ्या गळ टाकण्याला ठेवली. आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बदकाची ती पिसं मी धुतली होती. महालक्ष्म्यांच्या आधी."

तुला माहीत आहे, बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. तिच्याभोवतीची पिसं त्या तेलात मुरलेली असतात, म्हणून पाण्याला दाद देत नाहीत. माझं टेबल गेल्या वर्षी देवघराशेजारच्या खोलीत आणलं, खिडकीच्या उजेडासाठी. महालक्ष्म्या बसायच्या, घर धुवायचं, आणि भिंतीपलीकडे मेलेल्या बदकांची पिसं. तिनं मला टेबल हलवा म्हटलं नाही. रिठ्याच्या कढत पाण्यात पिसं धुतली, दोनदा, सावलीत वाळवली, होती तशी डब्यात भरून ठेवली. मला वाटलं, यंदा माल काय शुभ्र आलाय! थंडीभर त्याच पिसांच्या माशा बांधल्या आणि तुला पाठवल्या.

मी काय बोललो ते लिहवत नाही. लिहितो. "माझ्या हयातभराच्या कामावर पाणी फिरवलंस, तुला यातलं काय कळतं," असं म्हणालो, करीमसमोर. करीम कप ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली आणि एस.टी. धरली.

मागच्या रविवारी मी पैठणला गेलो. द्वारकामावशीनं दार उघडलं ते टोमण्यासकट. "या, आलेत साहेब! कोंबडं आणलंय का संगं?" मी हसलो नाही. तुझी आई ओसरीवर गहू निवडत होती. मी समोर बसलो आणि समजावून सांगायला लागलो, की रिठ्यानं तेल कसं जातं, तेल गेलेलं पीस पाणी कसं ओढतं, नुसत्या गार पाण्यातून काढलं असतं तर कसं चाललं असतं. बराच वेळ बोललो असेन. तिनं सूप खाली ठेवलं.

"मला न्यायला आलात, का पिसं धुवायला शिकवायला?"

"तुला कळावं म्हणून सांगतोय."

"आता? पहलगामला त्या बर्फात तुमच्या टेबलाखालचा केर मी काढला. हे कशाचं, ते कशाचं, किती वेळा विचारलं. तुम्ही शाळेतली कविता म्हणायचात. कविता छान असायची. पण पिसाचं काय ते राहूनच जायचं."

मावशी आतून म्हणाली, "लई सोसलं बाई तू."

"तू गप गं," असं आई तिला म्हणाली. मला वाटलं माझी बाजू घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एस.टी. चुकेल तुमची."

मी परत आलो. मुकुंदा, मला राग येतो. तिचा येतो, ब्रॉयलरचा येतो, फोमचा येतो. त्या काळी लिद्दरवर संध्याकाळ उतरायची आणि मी तिला यमकं ऐकवायचो, मला वाटायचं ती ऐकतेय. ती ऐकतच होती म्हणा. मी शिकलो त्या निजामाच्या शाळेत सगळं उर्दूत. मराठी कवितेचा तास आठवड्यातून एकदाच. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर मराठी पुस्तकं हाताला लागली तेव्हा मी अधाशासारखी पानंच्या पानं पाठ केली. अजून आहेत. पैठणच्या ओसरीवर त्यातली एक ओळ कामाला आली नाही.

करीमनं काल खरंच गावठी कोंबडा गाठला. लाल, ताठ, जसा पाहिजे तसा. मान देऊ का म्हणाला. माझा हात पुढे झाला होता. तोच म्हणाला, "पहले भाभी को लाओ. मुर्गा कहीं भागा नहीं जाता." मी कोंबडा तिथंच ठेवून आलो.

तेव्हा या हंगामाच्या माशा तू दुकानातून घे. माझ्याकडून यंदा काही येणार नाही. तिला तू पत्र टाकू नकोस, मध्यस्थी तर मुळीच नको. ती विचारेल ते सांगेन. नाही विचारलं तर गप्प बसून गहू निवडेन. तेही मला धड येत नाही, ते तिला शिकवावं लागेल. नाहीच म्हणाली, तर मावशीचे टोमणे खात तिथंच मुक्काम.

सकाळच्या गाडीनं तिला आणायला निघालेला,
तुझा
अण्णा