पुळणीवरचा पतंग

बाबा, तुम्ही गेल्यानंतरही आपला वाद थांबलेला नाही. फक्त आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात.

शाळेची सहल घेऊन तुम्ही कोकणात गेला होतात. आष्टीला परतल्यावर सगळे समुद्राविषयी विचारत होते आणि तुम्ही सांगत होतात एका पतंगाविषयी: किनाऱ्याच्या पुळणीवरच राहणारा, वाळूच्याच रंगाचा कीटक, बसला की नाहीसा होणारा. मी तेव्हा तर्कशास्त्र शिकत होते. मी पुरावा मागितला. विज्ञानाचे शिक्षक असूनही तुमच्याकडे टाचणीला लावलेला एकही कीटक कधी नव्हता. रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्याने जीव न मारण्याचे पहिलेच शील कसे मोडावे, असे तुम्ही म्हणत असा. त्या दिवशीही म्हणालात, "मारून आणला असता तर तुला बराबर पटलं असतं. मंग न्हाई पटलं तरी चालंल, बाई." आई चुलीपासून म्हणाली, "लोक समुद्रावून सुकी मासळी आणतेत, अन् ह्यांनी काय आणलं? न दिसणारा किडा!" सर्वांत मोठ्याने तुम्हीच हसलात.

गेल्या हिवाळ्यात लेकीबरोबर त्याच किनाऱ्यावर गेले. दिवस मावळतो आहे. माझ्या पावलापुढची चिमूटभर वाळू उठते, हातभर उडते आणि पुन्हा वाळू होते. उचललेला पाय मला खाली ठेवता येत नाही. "आई, काय झालं?" मी सांगते. ती वाकून पाहते. "कुठं? मला तर काहीच दिसून न्हाई राह्यलं. फोटो काढला का?"

मावळत्या उजेडात, थकलेल्या डोळ्यांनी, एकट्या साक्षीदाराने पाहिलेले मी दुसऱ्या कोणाकडून स्वीकारले नसते. माझे पाहणे खरे धरायचे, तर तुमचेही धरावे लागते, आणि तुम्ही ते ऐकायला नाहीत. शिवाय एक शक्यता मला खोडता येत नाही: तुम्ही सांगितले नसते, तर मला तिथे काही दिसलेच नसते. तसे असेल तर त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांनी नेमके कोण पाहत होते?

जालन्यात आमच्या शेजारी बांधकाम चालू आहे. वाळूचा ढीग फाटकापर्यंत पसरला आहे. ती नदीची वाळू आहे, समुद्र इथून फार दूर आहे, हे मी जाणते. तरी तिच्यावर माझा पाय पडत नाही; मी मागच्या गल्लीने वळसा घालून घरी येते. काल लेकीने कारण विचारले. चपलेत वाळू जाते, असे मी तिला सांगितले. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून इथे लिहिते: ते खरे नव्हते.