चांदणीच्या बाटलीतलं आगराचं पाणी

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१२ मे २००६

तीर्थस्वरूप दशरथदादांना रघूचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? पुष्पलतावहिनींचा दमा? (रुळांपलीकडे राहणाऱ्या भावाला पोस्टाने पत्र घालतोय म्हणून हसू नका. फोन केला तर तुम्ही ठेवून द्याल. पाकीट मात्र वहिनी फोडतातच.)

पत्रास कारण आमची चांदणी. तुमची ही पुतणी एम.एस्सी.साठी जंतू पाळते. मार्चमध्ये तिने तुमच्याच मिठागरातून, खालच्या बांधाजवळून, गुपचूप चिखल-पाणी आणलं आणि त्यातून आर्सेनिकलाही न डगमगणारे जंतू निवडले. त्याच खाऱ्या पाण्यात वाढवलेल्या त्या जंतूंची बाटली आमच्या फ्रिजमध्ये, लोणच्याशेजारी. रविवारी फ्रिज पुसताना ती माझ्या हाती लागली. आता, मीठ कधी धरेल ते तीस वर्षं पाणी जिभेला लावून सांगणारा माणूस मी! झाकण उघडलं, बोट बुडवलं, चाखलं. दादा, शपथेवर सांगतो, लगेच ओळखलं. खालच्या बांधाचंच पाणी! डोळे भरून आले. मग चिठ्ठी वाचली, तिच्यावर आर्सेनिकचं नाव. तांब्याभर मीठपाणी पिऊन ओकलो आणि बाटली मोरीत ओतली.

चांदणी आली ती मोरीपाशीच बसून रडली. "पप्पा, यात पॉइझन नव्हतंच! ते मी कॉलेजलाच टाकते. माझं वर्ष गेलं!"

रडतारडताच तिने मला समजावलं. या जंतूंचं एक जनुक पहारेकरी असतं. विष नसताना ते बाकीच्यांना गप्प बसवतं, विष शिरलं की बाजूला होतं. मग दुसरं जनुक त्या विषाला आणखी जहाल करतं (हो, जहाल!), कारण त्याच रूपात तिसऱ्याला ते बाहेर ढकलता येतं. शिवाय हे जंतू ही जनुकं शेजारच्या, नात्यात नसलेल्या जंतूलाही देऊन टाकतात. मी विचारात पडलो. आपण एका आईचे, आणि वाटणीपासून सहा वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी प्यायलो नाही.

तेव्हा जहाल करूनच सांगतो. खालचा बांध बाबांनी मला द्यायचं कबूल केलं होतं, तो तुम्ही हट्टाने घेतलात, आणि मी तुम्हाला रोज जेवताना शिव्या घातल्या. झालं, निघालं बाहेर. आता बरं वाटतंय.

तुमचा,
रघू

ता. क. सोमवारपासून आगरात भराव पडणार असं ऐकतो. त्याआधी खालच्या बांधाचा बाटलीभर चिखल पाठवा. पोरीचं वर्ष त्यावर आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवताना चांदणी आली. म्हणते, याच जंतूंची दुसरी बाटली कॉलेजच्या फ्रिजमध्ये आहे. मला अद्दल घडावी म्हणून पाच दिवस हे बोलली नाही. (कुणावर गेली आहे ते वहिनींना विचारा.) म्हणजे चिखल नको. पाणीच आण, दादा, आणि तूच ये. भराव पडण्याआधी एकदा दोघं मिळून चाखू.