मामांची वही कोणाकडे

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (गुडघा आखडला असल्यामुळे सध्या कागदावरच वाकतो आहे.) तुमची पाठ कशी आहे? मामींना नव्या चष्म्याची सवय झाली का? नंबर मी स्वतः काढलेला असल्यामुळे, अजून झाली नसेल तर दोष मामींच्या मानेचा आहे, चष्म्याचा नाही, असं त्यांना माझ्या वतीने नम्रपणे सांगावं. इकडे घरात सगळे खुशाल. तुमची भाचेसून तर हल्ली जरा जास्तच मजेत असते, त्याचं कारण पुढे येईलच. खुशाल नाही तो एकटा मी, आणि तेही त्या दातवाल्यामुळे.

तुम्ही बदली होऊन गेलात आणि आपल्या रविवारच्या लढायांची रयाच गेली. बेकरीच्या माळ्यावरचं ते लांबरुंद टेबल, त्यावरच्या पुठ्ठ्याच्या टेकड्या, आपले अंगठ्याएवढे धातूचे शिपाई, सगळं जागच्या जागी होतं. हौस तेवढी तुमच्या सामानाबरोबर गेली. बेकरीवाला फासे टाकता टाकता जांभया द्यायचा. गणिताच्या बाई (निवृत्त झाल्या तरी आम्हाला अजून अधूनमधून पाढे विचारतात) लढाई ऐन रंगात असताना शब्दकोडं काढून बसायच्या. तुमचे दोन नियम मी एकट्याने धरून ठेवले. दर रविवारी प्रत्येकाने एक नवा रंगवलेला शिपाई आणायचा, आणि जो आणणार नाही त्याने त्या दिवशी फाशांना हात लावायचा नाही, नुसती मोजपट्टी धरून कोणाची फलटण किती सरकली ते सांगायचं, हा पहिला. लढाईत जो शिपाई पराक्रम गाजवील किंवा थाटात मरेल त्याची हकीकत तुमच्या निळ्या वहीत लिहायची, हा दुसरा. जाताना जिन्यावरून तुम्ही "वही सांभाळा रे" म्हणालात. ते तुम्ही तिघांनाही म्हणालात असं बाईंचं मत आहे. पण जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर, तुमच्या अगदी खांद्याशी, मी उभा होतो. तेव्हापासून वही मीच लिहितो.

आता हा दातवाला आला कुठून ते ऐका. आला माझ्याच दुकानातून. त्याला दाढा कोरताना बारीकसारीकही दिसावं म्हणून कपाळावर बांधायचं भिंग हवं होतं. ते मी त्याला विकलं, वर त्याच्या डोक्याच्या मापाने पट्टाही बसवून दिला. जाता जाता त्याने काउंटरवरचा माझा भालेवाला उचलून पाहिला आणि हा कोण म्हणून विचारलं. झालं! चौथा गडी मिळाला तर मंडळींची हौस जागी होईल या भाबड्या आशेने मी त्याला रविवारी माळ्यावर घेऊन गेलो. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो असा. मंडळींची हौस जागी झाली, पण ती त्याच्यासाठी. पुढच्याच रविवारी त्याने आणलेल्या शिपायाच्या डोळ्यांत बुबुळं होती, मामा! बुबुळं! आपण आजवर डोळ्यांच्या जागी एकेक ठिपका देत आलो, तोही बहुतेक वेळा गालावर पडायचा. बाईंनी शब्दकोडं मिटलं ते आजतागायत उघडलेलं नाही. बेकरीवाल्याने त्याच्यासाठी वेगळी गुबगुबीत खुर्ची आणली. मी दोन वर्षं पिठाच्या डब्यावर बसतो आहे.

मला त्याचा हेवा वाटतो. आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. पूर्वी एका शिपायाला मला चार संध्याकाळी लागत. त्याचा शिपाई पाहिल्यापासून तेवढ्याच वेळात मी निम्मा शिपाई रंगवतो आणि उरलेला निम्मा पुसतो. परिणामी ओळीने सात रविवार मी मोजपट्टी धरून उभा होतो. त्यातून एका रविवारी मला सर्दी झाली म्हणून वही तेवढ्यापुरती त्याच्याकडे गेली. त्याने त्याच्या एका ढोलवाल्याच्या मृत्यूची हकीकत लिहिली. ढोलवाल्याला म्हणे घरी पाठवायला पत्र लिहायचं होतं, पण लिहिता येत नव्हतं, म्हणून तो ढोलावरच बोटाने अक्षरं गिरवायचा. बेकरीवाल्याने ते वाचून डोळे पुसले (पिठाच्या हातांनी, त्यामुळे तो अधिकच करुण दिसला). माझ्या हकीकती तुम्हाला माहीतच आहेत. "शूर होता. डाव्या टेकडीवर पडला." यात काय कमी आहे? टेकडीसुद्धा कोणती ते दिलेलं आहे.

म्हणून मी ठरवलं की वार्षिक मोठ्या लढाईत आपली निवडक चाळीसांची अख्खी फलटण अशी झळकवायची की दातवाल्याने भिंग काढून बघावं. बेकरीतल्या पिठाने माझे शिपाई पांढुरके झाले होते. आता चष्म्यांच्या खाचांमधला मळ काढायला माझ्या दुकानात ते थरथरणारं यंत्र आहे ना, पाण्याचं? चष्मा त्यात टाकला की मिनिटाभरात लख्ख. मी विचार केला, चष्म्याला एक मिनिट तर शिपायाला पाच. पाणी गरम केलं, साबणाचं औषध दुप्पट घातलं, चाळीसच्या चाळीस आत सोडले आणि एका गिऱ्हाइकाचा नंबर काढायला गेलो. गिऱ्हाईक चिकित्सक निघालं. परत येऊन पाहतो तो पाणी जांभळं, आणि तळाशी चाळीस उघडेबोडके शिपाई! सहा वर्षांची रंगरंगोटी धुऊन निघाली होती. लढाईला आठ दिवस उरलेले. मी स्टुलावर बसलो आणि मला खरोखर रडू आलं. तुमच्या भाचेसुनेने यंत्रात डोकावून पाहिलं आणि निदान मळ तरी निघाला म्हणून ती इतकी हसली की शेजारचा शिंपी धावत आला. ती अजून हसते आहे. मजेत असण्याचं कारण ते.

तिनेच बेकरीवाल्याला सांगितलं. बेकरीवाल्याने बाईंना, बाईंनी दातवाल्याला. आणि त्या माणसाने काय करावं? पाच दिवस संध्याकाळचे पेशंट बंद ठेवून त्याने दवाखाना आमच्यासाठी उघडला. दाढा उपटायच्या खुर्चीवर बाई, शेजारच्या फिरत्या स्टुलावर बेकरीवाला, डोक्यावर तो प्रखर दिवा, आणि वाट्याला प्रत्येकी दहा शिपाई. माझेच. माझे दहा मी रंगवत होतो तेव्हा तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. आता हा काहीतरी सुचवणार म्हणून मी दात ओठ खाऊन तयारच होतो. (दात ओठ खाल्ल्याने झीज होते, असं तो म्हणालाही.) पण तो एवढंच म्हणाला, की तुमच्या भालेवाल्यामुळे मी या नादाला लागलो, आधी रविवारी मी नुसता गाडी धुवायचो. भांडायची सोयही त्याने ठेवली नाही. बरं, लढाईत माझी फलटण जिंकली, तर सगळे टाळ्या वाजवून बघत होते त्याने रंगवलेल्या दहांकडे. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा.

असो. मन मोकळं केलं. माझं तुमच्याकडे काहीएक मागणं नाही. तब्येतीला जपा, मामींना नमस्कार सांगा, आणि पाठीला शेक देत चला.

तुमचा (सख्ख्या बहिणीचा सख्खा मुलगा असलेला एकमेव) भाचा

ता. क. लढाईनंतर बाईंनी एक ठराव मांडला तो सांगायचा राहिला. वही यापुढे दातवाल्याने लिहावी असा. मी फारसं मनावर घेतलं नाही. फक्त मोजपट्टी फेकली आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. मग रीतसर चिठ्ठ्या टाकून मतं घेतली. दोन दातवाल्याला, दोन मला. माझ्या दोनांतलं एक माझंच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दुसरं मत मोत्यासारख्या अक्षरात होतं. असं अक्षर आमच्यात एकाचंच आहे. माझं मन भरून आलं, आणि लगेच पुन्हा चिडलं, की मनाच्या मोठेपणातही हाच पुढे!

ता. क. २. बरोबरी झाल्यामुळे निकाल तुम्ही द्यायचा असं ठरलं. बाई तुम्हाला पत्र पाठवून मत मागवणार होत्या. तेव्हा मी नियम मांडला की मत पत्राने चालणार नाही, वहीच्या मूळ मालकाने स्वतः माळ्यावर येऊन, निदान एक लढाई खेळून, मगच सांगायचं. तो एकमताने पास झाला. खरं सांगू? त्याच संध्याकाळी मी माझं मत दातवाल्याला द्यायला निघालो होतो. तो माझ्यापेक्षा चांगलं लिहितो. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की बरोबरी मोडली तर तुम्हाला यायला कारणच उरणार नाही. परत फिरलो. वही त्याला देऊन टाका, माझी हरकत नाही. पण ते इथे येऊन, तोंडाने सांगा.

ता. क. ३. मागच्या पत्रात तुम्ही तिकडच्या कोणा गुरांच्या डॉक्टरांबद्दल लिहिलं होतं. दर रविवारी ते तुमच्याकडे खेळायला येतात, आणि त्यांचे रंगवलेले घोडे आता उधळतील असे वाटतात म्हणे. वाचून आनंद झाला. येताना त्यांना आणू नका.