कळंगुटची डबल रूम

पांढुर्णा, ८ फेब्रुवारी १९८५
ठरलं. गोव्याला जातो. तिथले मोठे हॉटेलवाले रोज सकाळी संत्र्याचा ज्यूस पाजतात म्हणे, अन् आपली मृग बहाराची संत्री बागेत पिकून राहिली. एक परमनंट ऑर्डर मिळाली की नागपूरच्या दलालांची कटकट संपली. उर्मिलेला समुद्रही दाखवणं होईल. लग्नानंतर तिला छिंदवाड्यापलीकडे नेलंच नाही. दिवाळीपासून ती माहेरी सौसरला आहे. आराम करून राहिली.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
सौसरला जाऊन आलो. सासरे, केशवराव, पेपर वाचत होते, वाचतच राहिले. उर्मिलेनं चहा आणला. प्लॅन सांगितला. धंदा बी, फिरणं बी.
ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. परत कधी येता, तेवढं सांगा."
वीस तारखेला, म्हटलं. तिनं तारीख पुन्हा विचारून घेतली. काळजी वाटते, दुसरं काय.

कळंगुट, १३ फेब्रुवारी
लॉजवर डबल रूम घेतली. मालकीण फिलोमिनाबाईंना सांगितलं, मिसेस उद्या येतील. अगदीच खोटं नाही. तिचं मन बदललं तर अडचण नको.
समुद्र पाहिला नाही. पाहायचा तो दोघांनी. आधी बिझनेस.

१४ फेब्रुवारी
हॉटेलच्या मॅनेजरनं अर्धं संत्रं खाल्लं, बिया बशीत ठेवल्या अन् म्हणाला, आम्ही डब्यातला ज्यूस वापरतो, वर्षभर एकसारखा लागतो. चर्चा पॉझिटिव्ह. दुसऱ्या हॉटेलच्या वॉचमननं दोन संत्री ठेवून घेतली, आत सोडलं नाही.
संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो, मार्केट पाहायला. बूट हातात घेऊन उभा राहिलो. सगळे जोडीनं. फोटोवाल्यानं विचारलं, एकटेच? मिसेस रूमवर आहेत, म्हटलं.

१५ फेब्रुवारी
फिलोमिनाबाईंनी रूमवर दोन ताटं पाठवली. एक परत कसं पाठवता? दोन्ही खाल्ली. उद्यापासून किनाऱ्यावर जाणं बंद, फोटोवाला परत विचारायचा.

१६ फेब्रुवारी
सौसरला ट्रंक कॉल लावला. केशवराव म्हणाले, उर्मिला पांढुर्ण्याला गेली. म्हणजे घरी! मी नाही म्हणून घर सांभाळायला. ते आणखी काही सांगत होते, पण मी आनंदात फोन ठेवला. ऑर्डरचं पुढच्या सालात पाहू. उरलेली संत्री फिलोमिनाबाईंना दिली. मिसेस आल्याच नाहीत का, त्यांनी विचारलं. घरी वाट पाहून राहिली, म्हटलं. उद्याच निघतो.

पांढुर्णा, १९ फेब्रुवारी
घराला कुलूप. किल्ली शेजारच्या देवकाबाईंकडे. त्यांनी हळूहळू सांगितलं. उर्मिला भावासोबत टेम्पो घेऊन आली होती. शिलाई मशीन, कपाट, तिची माहेरची भांडी नेली. बोरगावच्या शाळेत नोकरी लागली, आता तिकडेच खोली घेतली. तुम्ही विसाला येणार म्हणून घाई नाही केली, म्हणाल्या. जाताना सारं घर झाडून गेली.
मी ओट्यावर बसलो. देवकाबाईंनी पाणी आणून दिलं. जरा वेळानं, काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "समुद्र कसा असते जी, दत्तूभाऊ?"
मोठा असते, म्हटलं.